एकशे दहाचा कुकर

"अहो, तो राइस कुकर बाहेर काढा. आपण समुद्रावर चाललोय, बिऱ्हाड हलवत नाहीये," सुवर्णाबाई म्हणाल्या.

"तुर्कस्तानात रोज बाहेर जेवलो तर बजेट ट्रिपमधलं बजेट पहिल्याच दिवशी बुडेल," गिरीशराव बॅगेवर गुडघा दाबत म्हणाले. "सकाळी रूमवर खिचडी टाकली की दिवसाची काळजी मिटली. प्लगचा अ‍ॅडाप्टर पण घेतलाय."

"बाबा, डोन्ट! रूममध्ये कुकिंग अलाउड नसतं," फोनवरून नेत्रा ओरडली. लेकीचं म्हणणं ऐकून घेऊन गिरीशरावांनी कुकरच्या पोटात मुगाची डाळ भरली.

पिस्कॅटवेतल्या त्या घरात आठवडाभर नुसती धांदल चालली होती. सुवर्णाबाई नागपूरला प्राचीन इतिहासात एम.ए. झाल्या होत्या आणि लग्नानंतर न्यू जर्सीतल्या एका विमा कंपनीत लोकांच्या गाड्यांचे पोचे मोजून रिटायर झाल्या होत्या. आता कुठे त्यांना समुद्राच्या काठावरचं देऊळ, रोमन थिएटर आणि त्यांच्या मधोमध पोहायचा बीच, असं सगळं एका गावात दिसणार होतं. स्वस्तातल्या बस टूरमध्ये त्या गावाला एकच मोकळा दिवस होता. धास्ती होती ती फक्त नवऱ्याची. गिरीशराव कुठल्याही म्युझियममध्ये आत शिरले की थेट बाहेर जायच्या दाराशी उगवत आणि तिथून "झालं का? चला!" असा धोशा लावत. त्या एका दिवसातला अर्धा तास त्यांनी भग्नावशेषांना मंजूर केला होता.

गावातलं आयशेबाईंचं छोटं गेस्टहाऊस समुद्रापासून हाकेच्या अंतरावर होतं. सकाळी सुवर्णाबाईंनी बाल्कनीचं दार उघडलं आणि त्या किंचाळल्याच. "अहो, बघा, बघा! खांब! निळ्या पाण्यापुढे पांढरे शुभ्र खांब! मी पुस्तकात बघितलेत हो असे!"

"हो हो, खिचडी होईपर्यंत बघून घे," असं म्हणत गिरीशरावांनी कुकरचं बटण दाबलं. फट्ट असा आवाज झाला, कुकरमधून निळसर धूर निघाला आणि पंखा बंद पडला. खालचा फ्रीज घरघरायचा थांबला. पाण्याचा पंप थांबला आणि वरच्या मजल्यावरचा जर्मन पाहुणा डोक्याला साबण लावलेल्या अवस्थेत जिन्यात येऊन काहीतरी ओरडायला लागला.

"एकशे दहा!" गिरीशरावांनी कपाळावर हात मारला. "कुकर अमेरिकेतला, एकशे दहाचा. आणि इथे दोनशे वीस. अ‍ॅडाप्टर नुसता प्लग बदलतो, व्होल्टेज नाही."

आता, हे गिरीशराव कोण? उभा जन्म वीज कंपनीत घालवलेले इंजिनिअर. भारतातून मिक्सर आणायचा असो की इस्त्री, अख्खं पिस्कॅटवे आधी गिरीशकाकांना फोन करत असे.

"तुम्ही लोकांना हेच सांगत आलात ना?" सुवर्णाबाईंनी विचारलं.

"ते भारतातून अमेरिकेत आणताना! हे उलटं होतं," गिरीशराव चिडून म्हणाले आणि टॉवेलने धूर बाल्कनीबाहेर हाकलू लागले. "कुणाला कळता कामा नये हां. वीज कंपनीचा माणूस आणि फ्यूज उडवला, काय इज्जत राहील? तू खाली जाऊन जरा अंदाज घे."

सुवर्णाबाई खाली गेल्या आणि थोड्या वेळाने परत आल्या. "त्यांना कुणी इलेक्ट्रिशियन मिळत नाहीये. मी म्हटलं, आमचे हे इंजिनिअर आहेत."

गिरीशरावांच्या जिवात जीव आला. त्यांनी कुकर बायकोच्या बीच बॅगेत टॉवेलखाली दडपला आणि साळसूद चेहऱ्याने खाली जाऊन फ्यूज बसवला. दिवे लागले. आयशेबाईंनी टाळ्या वाजवल्या, चहा दिला आणि म्हणाल्या, "मिस्टर इंजिनिअर, प्लीज, पंप?" मनात चोर असल्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. पंप झाला, मग अंगणातली घंटी, मग समोरच्या न्हाव्याचा पंखा, मग कोपऱ्यावरच्या मासेवाल्याचा फ्रीझर.

"मी होते पुढे," सुवर्णाबाई टोपी घालत म्हणाल्या.

"आलोच दहा मिनिटांत!" गिरीशराव तोंडात स्क्रू धरून म्हणाले.

"सावकाश या हो. काम महत्त्वाचं."

काय दिवस गेला सुवर्णाबाईंचा! त्यांनी प्रत्येक पाटी वाचली, आवडलेली पुन्हा वाचली. एका शिलालेखापाशी त्या मनसोक्त रेंगाळल्या. दुपारी खांबांकडे तोंड करून गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या आणि एकट्याच हसल्या. कुणी "झालं का?" म्हणालं नाही.

उन्हं कलल्यावर गिरीशराव थिएटरमध्ये पोचले. हात काळे, चेहरा विजयी. "सगळी गल्ली चालू करून आलो! आणि कुणाला संशयसुद्धा नाही!"

"छान. आता सगळ्यात वर जाऊन बसा. इथे स्टेजवर हळू बोललं तरी शेवटच्या पायरीला ऐकू जातं म्हणतात. बघू या."

गिरीशराव धापा टाकत वर पोचले. सुवर्णाबाई स्टेजच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि अगदी स्वयंपाकघरातल्या आवाजात म्हणाल्या, "अहो, कुकरचं मी आयशेबाईंना सकाळीच सांगितलं होतं."

गिरीशराव ताडकन उठले.

"फ्यूज त्या स्वतःच बसवणार होत्या. मीच म्हटलं, आमच्या ह्यांना सांगा आणि लगेच सोडू नका. आजूबाजूचंही काही असलं तर करून घ्या. मला सगळं निवांत बघायचं होतं हो!"

रोमन लोकांनी काम चोख केलं होतं. शब्द न् शब्द वर पोचला. गिरीशराव उत्तर जुळवत होते, तेवढ्यात मधल्या पायऱ्यांवरून जोरात टाळ्या आल्या. गॉगल लावलेली एक तरुण मुलगी उभी राहिली होती.

"काकू, ग्रेट! मी राधिका, टेक्सासमधल्या अर्विंगहून आलेय. आम्ही आयशेबाईंच्या बहिणीकडे उतरलोय. काल आमच्या इंडक्शनने तिकडचा फ्यूज उडवला."

"अगंबाई! मग तुझे मिस्टर कुठे आहेत?"

"सुशांत? तो आयटीत आहे ना, सगळ्या शेजाऱ्यांचं वायफाय लावून देतोय," राधिका पुन्हा पायरीवर ऐसपैस बसत म्हणाली. "उद्यापण लावेल. माझं म्युझियम राहिलंय अजून."