चोवीस तासांची शांतता

"चोवीस तास हे यंत्र छातीवर राहील," चौथी वायर चिकटवत नर्सबाईंनी बसड्रायव्हरला बजावलं. "आणि किती वाजता काय केलं, काय वाटलं, ते या वहीत खरंखरं लिहायचं."

गेल्या आठवड्यात डेपोतच त्याच्या छातीत कळ आली होती. हृदयाला इजा झालीय का हे बघायला रक्त तपासलं, कार्डिओग्राम काढला. आता हे यंत्र नीट बोललं तर हातात स्टिअरिंग, नाहीतर निवृत्तीपर्यंत चौकशीची खिडकी. तिथे बसून दुसऱ्यांच्या बसच्या वेळा सांगायच्या, या कल्पनेनेच त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

लेकीने कंबर कसली. "आई, उद्या सकाळपर्यंत बाबांवर ओरडायचं नाही. ठोके वाढले की बाबांची बस गेली समज."

"मी कधी ओरडते गं?" आई ओरडली आणि तिने जीभ चावली.

पण बाई शब्दाची पक्की. फोन बंद झाला, दारावरची घंटा बंद झाली, कुकरलाही सुट्टी मिळाली. दुपारी ड्रायव्हरच्या हातून नव्या चादरीवर चहा सांडला. त्याने सवयीने मान खाली घातली.

"असू दे हं," बायको हसून म्हणाली. "धुता येते चादर."

पंचवीस वर्षांच्या संसारात 'असू दे' हे त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं. त्याने वहीत लिहिलं: '३.१०. बायको गोड बोलली. धडधड.'

थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून लेकीची कुजबुज आली. "बाबांना एवढ्यात कळता कामा नये." शेजाऱ्याने बाबांच्या स्कूटरला पोचा पाडला होता, त्याबद्दल ती बोलत होती. पण ड्रायव्हरला वाटलं, रक्तात काहीतरी भयंकर निघालंय आणि या दोघी लपवतायत. '४.२५. घरात सगळे शांत. जास्त धडधड.'

आता रिपोर्ट स्वतःच बघायचा, असा त्याने निश्चय केला. फाइल कपाटावर होती. तो स्टुलावर चढला, फाइल ओढली, तशी एक वायर शिवणाच्या डब्याच्या कडीत अडकली आणि डबा धाडकन खाली आला. बटणं घरभर धावली.

बायको दारात आली. तिने ओठ आवळले, मूठ आवळली. मग बांध फुटला.

"छातीला वायरी लावून स्टुलावर चढताय? पडला असतात म्हणजे? अक्कल काय डेपोत ठेवून आलात?"

बारा मिनिटं हे चाललं. मरायला टेकलेल्या माणसावर कोणी असं ओरडत नाही, हे ड्रायव्हरच्या ध्यानात आलं. तो मांडी घालून निवांत बटणं वेचत बसला. मग लेकीने आईला आत नेलं, घर पुन्हा गप्प झालं आणि त्याची धडधड परत सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आलेख पाहिला. "दिवसभर नाडी नुसती पळतेय. फक्त पाच चाळीस ते पाच बावन्न अगदी संथ. झोपला होतात का?" त्यांनी वही उघडून मोठ्याने वाचलं, "बायको ओरडते आहे. खूप बरं वाटतंय."

ड्रायव्हरने जमिनीकडे पाहिलं. डॉक्टर हसले. "हृदय ठणठणीत आहे. ही सगळी काळजीची धडधड." त्यांनी सर्टिफिकेटवर सही केली आणि त्यांचं लक्ष सोबत आलेल्या बायकोकडे गेलं. "बाई, तुमचा चेहरा का लाल झालाय? बघू, हात द्या."

ब्लडप्रेशर एकशे ऐंशी निघालं.

"आख्खा दिवस रागाचा घोट गिळत होते, डॉक्टर," ती म्हणाली. "यांची बस राहावी म्हणून."

ड्रायव्हरला भरून आलं. त्याने काही बोलायच्या आत नर्सबाईंनी त्याच यंत्राच्या वायरी बायकोला लावल्या आणि हातात कोरी वही दिली.

"सगळं खरंखरं लिहायचं ना?" नवऱ्याकडे बघत बायकोने विचारलं.

"सगळं."

"मग आणखी एक वही द्या."