किसनची मांडी

शेजारचा किसन जेवायला बसला की पहिला घास ताटावर खायचा, दुसरा अंगणात, आणि तिसरा कुणाच्या तरी बैलगाडीचं चाक न्याहाळत. ताट बहुतेक वेळा माझ्या घरचं असायचं, म्हणून राग मला यायचा. "बस ना रे एका जागी," म्हटलं की म्हणायचा, "झालंच समजा, दादा." त्याच्या घराची भिंत अर्धी सारवलेली, विहिरीचा दोर अर्धा वळलेला, आणि सगळं 'झालंच समजा'.

मी रिठदचा, बैलांचा दलाल. बापाने मागे काही ठेवलं नव्हतं; जे केलं ते रिसोडच्या बाजारात जिभेच्या जोरावर केलं. बहात्तरच्या दुष्काळानंतर चांगली जोडी मिळणं मुश्कील झालं होतं. एक मिळाली, तर नेमका त्याच सकाळी एका बैलाने माझ्या उजव्या हातावर पाय दिला. सौदा रुमालाखाली बोटं धरून होतो, जितकी बोटं तितका भाव. नाइलाजाने किसनला बसवलं. "चार बोटं धर आन् गप ऱ्हाय."

त्याने चार धरली. मग रुमालाखाली पाचवं वळवळलं. विकणाऱ्याने लगेच हात दाबला. हात दाबला की सौदा पक्का, मग देवही तो मोडत नाही.

"काहून हालवलं?"

"मी नाई हालवलं दादा, थे आपोआप हाललं."

ते पाचवं बोट मी अजून विसरलेलो नाही.

त्याचा बापही असाच होता. शेतात तास ओढताना मधोमध नांगर सोडून निघून जायचा. आणि किसनचा सख्खा भाऊ मारोती, त्याच घरातला, त्याच आईचा, ओट्यावर पोत्यासारखा दिवसभर बसून. कुणाला काय मिळेल याचा हिशेब मला कधी लागला नाही.

किसनची बायको बाळंतपणातच गेली. पोर, कमल, मंगरूळपीरला मामाकडे वाढली. बापाला तिने सात वर्षांत पाच-सहा वेळा पाहिलं असेल. आठव्या वर्षी इथे आली, आणि पहिल्याच दिवशी घास हातात घेऊन माझ्या अंगणात फिरू लागली.

"बापाचं पाहून शिकली," माझी बायको म्हणाली.

"पाह्यलं कधी तिनं त्याले?" मी म्हटलं. "हे रक्तातलं आहे."

महिनाभरात शाळेतून निरोप आला. पोरगी वर्गात एका जागी बसत नाही, दुसऱ्यांनाही बसू देत नाही, नाव काढून न्या. किसन माझ्याकडे धावला. "तुमी चाला दादा. मले पुरं बोलता येत नाई." मी चरफडतच गेलो.

गुरुजी म्हणाले, "ही खोड शिकली कुठून?"

किसन उंबऱ्यावर एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. "शिकली नाई, गुरुजी. माह्या बापाचं मले आलं, माहं तिले. बापानं मले खुंट्याले बांधून बसोलं, तरी नाई बसलो. शाळा मातर सुटली. तिची सोडू नका."

त्याचं एक बोलणं शेवटापर्यंत गेलेलं मी प्रथमच ऐकलं. मग मी पुढे सरकलो. "गुरुजी, घंटा कोन वाजवते? माठ कोन भरते? हिले लावा. दर धड्यानंतर एकदा उठू द्या." ते दिवाळीपर्यंत म्हणाले, मी परीक्षेपर्यंत म्हटलं. परीक्षेवर सौदा पक्का झाला.

परत येताना किसन पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला, पुन्हा मागे आला.

"दादा, मी आत बोललो थे कमलले सांगू नका. मी तिले सांगतलं हाय, तू मायवर गेली. तुई माय अशीच होती, चिमणीवानी."

त्याच्या बायकोला मी ओळखत होतो. दुपारी सूप घेऊन बसली की शेवटचा खडा निघेपर्यंत ती जागची हलत नसे.

"कायले खोटं सांगतलं बे?"

"तिले मायचं काई तरी असावं ना, दादा," तो म्हणाला, आणि पुढे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कमल माझ्या दारात उभी. "काका, तुमी माह्या मायले पाह्यलं होतं ना? थे एका जागी बसे का?"

"घडीभर नाई," मी म्हटलं.