घर पाहून गाय देणारी गोदामावशी

बाजारात गिऱ्हाईक गाईचे दात पाहतं. आमच्या वडनेरची गोदामावशी गिऱ्हाईकाचे दात पाहायची.

"आ कर," म्हणायची. तंबाखूचे डाग दिसले की सौदा मोडला. "चारा विकून तंबाखू खाशीन तू. चाल, हो तिकडं."

मावशी माझी शेजारीण. नवरा लवकर गेलेला. कालवडी वाढवून विकायच्या, त्यावर तिचं घर चालायचं. चालायचं म्हणजे रांगायचं, कारण विकण्याआधी तिला गिऱ्हाईकाचं घर पाहायचं असे. एकटी बाई परगावी कशी जाणार? म्हणून सोबतीला मी. हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमधल्या नोकरीत मला रविवारची सुटी असायची. ती मावशीची.

परक्याच्या गोठ्यात ती आधी वाकून जमीन चाचपायची, मग गव्हाणीत हात घालायची. मग घरमालकाला विचारायची, "घरात भांडणं होते का? गाय ऐकते बरं." एकानं हसत सांगितलं, रोजच होतात. मावशी तशीच उठली. माझा चहा राहिला तो राहिलाच.

ऐंशीच्या सुमारास गिरडकडच्या एका शेतकऱ्याला तिची दुभती गाय कपिला पसंत पडली. आम्ही एसटीनं गेलो. गोठा कोरडा, कडबा भरपूर, दात पांढरे. मी मनात म्हटलं, सुटलो.

तेवढ्यात सून चहा घेऊन आली. हाडकुळी पोर, पोटुशी. कप ठेवताना तिनं भिंतीचा आधार घेतला.

"जेवली का वं?" मावशीनं विचारलं.

पोर सासूकडे पाहू लागली. ऊन कलायला आलं होतं. सासू म्हणाली, "ते जेवते सगळ्याइच्या मागून."

आता मावशी उठणार, असं वाटून मी चहा घाईनं संपवला. पण ती उठली नाही.

"गाय तुमची," ती म्हणाली. "पण सकाळच्या दुधाचा पयला गिलास इले द्याचा. अन् आता इले माह्यासमोर वाढा."

घरमालक चकित झाला. पण गाय देखणी होती. पान वाढलं गेलं. शेवटचा घास पोटात जाईपर्यंत मावशी समोर बसून होती.

त्यानंतर दर महिन्याला "कपिलेले पाहून येऊ" सुरू झालं. तिथे गेलो की मावशी ओसरीवर बसून त्या पोरीच्या केसांना तेल लावायची. एकदा परतीच्या एसटीत मी म्हटलं, "मावशी, गोठ्यात त तू गेलीच नाई."

ती खिडकीबाहेर पाहत होती.

"आमच्या शांतीचं सासर मी पाह्यलंच नोतं," म्हणाली. "बाप्येच जाऊन आलते."

शांती म्हणजे तिची एकुलती लेक. पहिल्या बाळंतपणात सासरीच वारली, एवढंच मला ठाऊक होतं.  

वडनेरला उतरताना तिनं विचारलं, "हिंगणघाटात लाडवाले डिंक चांगला कुठी भेटते रे?"