वाढत्या मापाच्या सायकलीची हकीकत

श्री. ज्याचे कृपेनें चाक फिरतें, आणि फिरतें आहे तोंवरच उभें राहतें, त्यास आधीं नमन. शके एकोणीसशें बावीस, विक्रमनाम संवत्सरीं, वैशाखमासीं पाटाकांठच्या एका राज्यांत जें वर्तमान जाहलें तें यथामति लिहितों. राज्याचें नांव कोणीं पुसूं नये. पुसल्यास आम्ही सांगणार नाहीं. राज्य लहान. दोन खोल्या, पुढें पडवी, परसांत शेवगा, इतुकाच मुलूख. महाराज विश्वनाथराव दूध सोसायटींत कारकुनी करीत आणि सायंकाळीं गंजिफ्रॉक घालून पडवींत सिंहासनारूढ होत. सिंहासनाची एक पट्टी तुटली होती, ती सुतळीनें ओढून बांधिली होती. राणीसाहेब हेमलताबाई घरचा सर्व कारभार पाहत, आणि जामदारखाना त्यांचेच हातीं असे, म्हणजे तुरीच्या डाळीचा डबा. आणि राजकन्या रेवती, वय वर्षें दहा, अंगानें काडी, बोलण्यांत मात्र कोणास हार जाणारी नव्हे.

आतां या राज्याची एक रीत होती, ती सांगितल्यावांचून पुढील मजकूर कळणार नाहीं. येथें जें घ्यावें तें वाढत्या मापाचें घ्यावें. फ्रॉक शिवावा तो दोन वर्षांनीं बसेल ऐसा, आणि खालची पट्टी आंत दुमडून टांके घालावे; चपला घ्याव्या आणि पुढें कापूस कोंबावा; स्वेटर विणावा तो बाह्या दोनदां मुडपून घालावा. तेणेंकरून राजकन्येस आपल्या मापाचें नवें वस्त्र म्हणजे काय हें ठाऊकच नव्हतें. नवें असे तेव्हां मोठें होई, आणि मापाचें जाहलें तों विटलेलें असे. या रीतीच्या खऱ्या धनी राणीसाहेबच. त्यांचा हात टांके घालण्यांत मोठा सफाईदार होता, आणि त्याचा त्यांस थोडका अभिमानही होता, कां नसावा.

तों त्या वर्षीं राजकन्येची चौथी सरली. गांवची शाळा चौथीपुरतीच, आणि पुढील शाळा पेठेच्या गांवीं, पाटाच्या रस्त्यानें दीड कोसावर. सकाळची एस.टी. जात असे ती बंद पडली. कां बंद पडली तें कोणीं सांगितलें नाहीं, येईनाशी जाहली इतुकेंच. मग महाराजांच्या वडील भगिनी प्रमिलाबाई शहराहून आल्या आणि पडवींत बसून म्हणाल्या, “विश्वा, पोरीला माझ्याकडे पाठव. माझ्याकडे एक खोली रिकामी पडली आहे, शाळा समोरच आहे. माझंही मन रमेल.” बाई मनानें चांगल्या, त्यांत कपट कांहीं नव्हतें, आणि हेंच राणीसाहेबांस अवघड जाहलें, कपट असतें तर भांडतां आलें असतें. महाराज पाटाकडे पाहत म्हणाले, “बघू ताई. शाळा सुरू व्हायच्या आधी सायकल जमली तर इथूनच जाईल. नाही जमली तर तुझ्याकडे.” ऐसा करार जाहला.

त्या दिवसापासून राणीसाहेब दुपारीं मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडूं लागल्या कीं डोळे आपोआप मिटत, आणि स्वप्न पडे. स्वप्नांत पाट भरून वाहत असे, कांठानें एक आकाशी सायकल आपली आपण जात असे, घंटी वाजे परंतु आवाज येत नसे, आणि वरती रेवती बसलेली असे, दोन वेण्या, पाठीवर दप्तर. सायकल जाई जाई आणि करंजाच्या झाडापाशीं वळून परत येई. नित्य परत येई. मग राणीसाहेब जाग्या होत, सुपांत खडे आणि तांदूळ पुन्हा एक जाहलेले असत, आणि त्या नव्यानें निवडावयास बसत.

इकडे महाराजांनीं सायकलीची मोहीम मनावर घेतली. प्रथम पोस्टमास्तरांची जुनी काळी सायकल पाहण्यांत आली. ती मधल्या दांड्याची, वजनास म्हशीएवढी, पण पक्की, महाराज तिच्यावर लुब्ध जाहले आणि म्हणाले, “हिच्यावर गॅसचा सिलिंडर येईल, पीठ येईल, वेळ पडली तर मीही बसेन. अख्ख्या घराला एक सायकल.” राणीसाहेब म्हणाल्या, “अहो, पोरगी शाळेत जायची आहे का गिरणीत?” ती मसलत तेथेंच मोडली. मग सोसायटींतील एका गृहस्थानें गिअरच्या सायकलीची तारीफ केली, चढ कसा कळतच नाहीं, वारा कसा कापीत जाते, महाराज दोन दिवस जेवतांना गिअरविषयींच बोलत, आणि राणीसाहेब ऐकून घेत, आणि तिसरे दिवशीं त्यांनीं इतुकेंच विचारिलें कीं “पाटाच्या रस्त्याला चढ कुठे आहे हो?” गिअरचें प्रकरणही मिटलें. शेवटीं पेठेंतील उस्मानभाईंच्या दुकानावर स्वारी करावी ऐसें ठरलें. राजकन्येस बरोबर न्यावें कीं न न्यावें यावर खल जाहला. पोरें दुकानांत नेलीं म्हणजे महागावरच बोट ठेवितात, हा अनुभव सर्वांचाच आहे, सबब तिला घरीं ठेवून उभयतां निघाले.

दुकानांत सायकली छताला उलट्या टांगिल्या होत्या, आणि दारांतून वारा आला कीं त्यांचीं चाकें हळूंहळूं फिरत आणि पुन्हा थांबत. राणीसाहेब मान वर करून पाहत राहिल्या आणि क्षणभर आपण स्वप्नांतच आहों ऐसें त्यांस वाटलें, कारण टोंकाला एक आकाशी रंगाची, बिनदांड्याची, पुढें टोपली असलेली होती. महाराजांनीं तीच काढावयास सांगितली. उस्मानभाई म्हणाले, “हिच्यात दोन मापं आहेत. बावीसची आणि चोवीसची. पोरगी कुठाय? बसवून बघितलं असतं.” महाराजांनीं राणीसाहेबांकडे पाहिलें. राणीसाहेबांनीं छातीशीं हात धरून राजकन्येची उंची दाखविली, मग आपसुक तो हात चार बोटें वर नेला, मग आणिक चार बोटें, आणि म्हणाल्या, “चोवीसचीच द्या. वाढतं अंग आहे.” उस्मानभाई कांहीं बोलूं पाहत होते, परंतु गिऱ्हाईक इतुकें खुशींत पाहून त्यांनीं चोवीसचीच पुढें केली. भिशीचा नंबर नुकताच लागला होता, त्यांत डाळीच्या डब्यांतील भर घालून सायकल घेतली, आणि महाराज ती हातीं धरून दीड कोस चालत आले, आणि राणीसाहेब बाजूनें चालत आल्या, एक हात सीटवर ठेवून, जसा गाईच्या पाठीवर ठेवावा.

दुसरे दिवशीं सर्व राज्य पडवीसमोर जमलें. प्रमिलाबाईही मुद्दाम आल्या होत्या. सायकलीस हळद-कुंकू लाविलें, चाकाखालीं लिंबू ठेविलें, राजकन्येस महाराजांनीं उचलून सीटवर बसविलें, आणि पाहतात तों पाय पायडलाच्या वीतभर वर लोंबत होते. सीट खालीं केली, अगदीं तळास नेली, तरी अंगठासुद्धां टेकेना. राजकन्येनें पाय ताणिले, चवडे ताणिले, कमरेंतून वांकडी जाहली, आणि शेवटीं खालीं उतरली. कोणी हसलें नाहीं. हसते तर बरें होतें. प्रमिलाबाईंनीं तिच्या पाठीवरून हात फिरविला आणि म्हणाल्या, “दोन वर्षं राहील माझ्याकडे. पाय पोचले की येईल परत.” उस्मानभाईंकडे परत जावें तर हळद-कुंकू लागलेली, चाक मातींत फिरलेली सायकल कोण घेतो.

राणीसाहेबांस त्या समयीं पाट, शेवगा, माणसें, सर्व दूर दूर गेल्यासारखें जाहलें. दहाव्या वर्षीं गेलेली लेक बाराव्या वर्षीं येते ती पाहुणी होऊन येते, चहा कपांत मागते, आणि आपल्या घरांत पाय पुसून शिरते. हें त्यांस कोणीं सांगावयास नको होतें, त्या स्वतः आजोळीं वाढल्या होत्या. आणि ही सायकल चोवीसची कोणीं मागितली, तर आपणच मागितली. वाईट फार वाटलें. मग त्या पुढें जाहल्या, हँडल धरिलें आणि म्हणाल्या, “मी नेईन तिला.” महाराज म्हणाले, “तुला येते का?” “नाही येत.” “मग?” “शिकेन. माझे पाय तर पोचतात.” आणि खरेंच पोचत होते, जणूं माप घेऊनच आणिली होती. प्रमिलाबाई म्हणाल्या, “हेमा, लोक काय म्हणतील?” त्यावर राणीसाहेब म्हणाल्या, “वन्सं, म्हणू देत की. लोकांच्या पोरी घरीच आहेत.”

मग राणीसाहेबांनीं शिकावयास घेतलें तें सकाळीं खळ्यावर. गुरु कोण, तर राजकन्या. तिनें मैत्रिणीच्या लहान सायकलीवर विद्या संपादन केली होती. ती कॅरिअर धरून पाठीमागून धांवे आणि ओरडे, “आई, खाली बघू नकोस, लांब बघ,” आणि राणीसाहेब खालीं बघत आणि पडत. निऱ्या चेनींत गेल्या, कोपर सोलवटलें, बांगड्या फुटल्या. बायका दारांत उभ्या राहून तोंडाला पदर लावीत. एके दिवशीं महाराज स्वतः खळ्यावर आले, खालीं बसून राणीसाहेबांच्या निऱ्या त्यांनीं पायजम्याच्या नाडीनें घोट्यापाशीं बांधिल्या आणि कचेरीस निघून गेले. त्या दिवशीं राणीसाहेब पडल्या नाहींत. मागें वळून पाहतात तों राजकन्या खळ्याच्या पलीकडल्या टोंकास उभी, हात केव्हांचा सोडलेला.

शाळा उघडली त्या दिवशीं राणीसाहेब पुढें आणि राजकन्या मागें, ऐसी स्वारी पाटाच्या रस्त्यानें निघाली. तेथून दोन वर्षें हाच क्रम चालला. जातांना कॅरिअर भरलेलें, येतांना रिकामें. पुन्हा दुपारीं उलटें. येतां येतां राणीसाहेब एकट्या असत, पाण्यावर ऊन पडलेलें असे, आणि पाय आपले आपण चालत, आणि कधीं कधीं घराचें वळण मागें पडे तरी ध्यानांत येत नसे. आतां दुपारीं तांदूळ निवडतांना डोळा लागत नसे. ज्या बायका हसत त्यांतील दोघींनीं एकदां हळूंच विचारिलें, “हेमावहिनी, एक चक्कर देता का?” प्रमिलाबाई सणावारास येत, खोली अजून रिकामीच आहे ऐसें एकदां म्हणत, आणि भाचीसाठीं फ्रॉक आणीत, तो अगदीं मापाचा.

मग चित्रभानुनाम संवत्सरीं, ज्येष्ठमासीं, एके सकाळीं राजकन्येनें सीटवर बसून पाहिलें आणि पाय पायडलास टेकले. दोन्ही टेकले. महाराजांनीं पेढे आणिले. राणीसाहेबांनीं टोपलींत डबा ठेविला, दप्तर कॅरिअरला दोरीनें आवळिलें, गांठ दोनदां तपासिली, आणि “सावकाश जा” इतुकेंच म्हणाल्या. राजकन्या गेली. वळणापर्यंत वेण्या दिसल्या, मग दिसल्या नाहींत. राणीसाहेब तेथेंच उभ्या राहिल्या. दिवसभर त्यांचें कशांत चित्त लागेना, दुपारची वेळ जाहली तशा दोनदां पडवींतून खालीं उतरल्या आणि न्यावयास जाणें नाहीं हें आठवून पुन्हा वर आल्या. तीन प्रहरीं राजकन्या सुखरूप परत आली, घामानें निथळत, डोळ्यांतून हर्ष ओसंडत. राणीसाहेबांनीं पाण्याचा तांब्या दिला आणि पुसलें, “कसा होता गं रस्ता? भीती नाही ना वाटली?” राजकन्येनें अर्धा तांब्या एका दमांत संपविला आणि म्हणाली, “आई, किती मोठा आहे गं तो. दोन वर्षं मला नुसती तुझी पाठ दिसायची. रस्ता आज दिसला.”

राणीसाहेब हसल्या, आणि त्यांच्या डोळ्यांस पाणी आलें, आणि त्यांनीं तांब्या पुन्हा भरून दिला. सारांश इतुकाच कीं, सायकल योग्य मापाची घेतली गेली नाहीं, आणि तेणेंकरून लेक दोन वर्षें घरीं राहिली. पुढें गेली ती रस्ता पाहून गेली. जैसें कानीं आलें तैसें लिहिलें. अधिक उणें जाहलें असेल तें वाचणारानें सांवरून घ्यावें, आमचा लोभ आहेच.