कोन गेला

नऊशे रुपयांची करवत तीन दिवसांपासून देवरावांच्या ओसरीवर जावयासारखी बसून होती. तिला कोणी हलवत नव्हतं आणि तिच्यासमोर कोणी मोठ्यानं बोलतही नव्हतं. करवत जर्मनीची. खाली बिडाचा जड पाट, त्यावर अर्धगोल आकडेपट्टी आणि दोन खांबांमध्ये ताणून बसवलेलं लांब पातं. काटा आकड्यावर लावायचा, फ्रेमची पट्टी धरायची आणि पातं ओढायचं. कोन आपोआप बरोबर येतो, असं लकडगंजच्या दुकानदार गुलाबचंदनं सांगितलं होतं. "सोमवारी शामले एक तर पैसे, नाही तर करवत वापस, देवरावजी," हेही त्यानंच सांगितलं होतं.

देवराव नागपूरच्या जुनी मंगळवारी मोहल्ल्यात तसबिरी मढवत. देवांच्या आणि गेलेल्यांच्या. वर्षभरापासून त्यांच्या फ्रेमचे कोपरे जुळत नव्हते. फटीत लांबीचा लगदा भरून वर सोनेरी रंग फिरवला की भागत असे. देव काही बोलत नव्हते, गेलेल्यांचीही तक्रार नव्हती. पण गिऱ्हाईक आता कोपऱ्याला नख लावून पाहू लागलं होतं.

"करवतीत दम नाही उरला," देवराव म्हणत.

करवतीत दम होता. त्यांच्या बायकोनं, पुष्पलताने, त्यांच्या हातातल्या बशीतला चहा थरथरताना पाहिला होता. तिनं ते कोणाला सांगितलं नाही. फक्त महादेवाला सांगितलं. श्रावणातले मुके सोमवार धरले: सकाळी आंघोळ झाली की संध्याकाळी बेल वाहून पान वाढेपर्यंत तोंडातून शब्द नाही. मागणं एकच, 'आमच्या दुकानातला हात चांगला होऊ दे.' आता शेवटचा सोमवार उरला होता.

करवत घ्यायची तर शिलाई मशिनीसाठी तिनं भिशीत साठवलेले पैसे जाणार होते. त्याचं तिला एवढं नव्हतं. भीती निराळीच होती. नव्या करवतीनंही कोपरा जुळला नाही, तर मग दोष द्यायला घरात एकच वस्तू उरत होती. म्हणूनच देवरावांनी तीन दिवस करवतीला हात लावला नव्हता.

सोमवारी सकाळी त्यांनी लावला. विणकरांच्या सोसायटीचे सेक्रेटरी गणपतराव यांचा फोटो कचेरीत टांगायला मढवायचा होता. देवरावांनी काटा पंचेचाळिसावर लावला, पट्टी धरली, पातं ओढलं. दोन तुकडे जुळवले. मध्ये ज्वारीचा दाणा जाईल एवढी फट.

"गेला!" देवराव ओरडले. "कोन गेला! पंचेचाळीसचा गेला ना!"

पुण्याकडे म्हणे माणसाचा 'कोण' वेगळा आणि लाकडाचा 'कोन' वेगळा. नागपुरात दोघांचं एकच बिऱ्हाड आहे.

देवराव तसेच उठले, तुकडे पिशवीत टाकले आणि गुलाबचंदला जाब विचारायला सायकलवर बसून लकडगंजला निघून गेले.

भिंतीपलीकडे कांताबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपात थांबला. तसबिरी मढवणाऱ्याला मयताची बातमी सगळ्यात आधी लागते, हे मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक होतं. तोच 'कोन गेला' विचारून, पंचेचाळीसचा होता म्हणून हळहळून, पिशवी घेऊन पळाला. कांताबाई तडक ओसरीवर आली. तिथं गणपतरावांचा फोटो. गणपतराव आठ दिवसांपासून दवाखान्यात भरती. वय पंचेचाळीस.

"अवं माय! गणपतराव गेले?"

पुष्पलताने जोरजोरात मान हलवली.

"मान काहून हालवून राहिली वं? इश्वास नाही बसत ना? मले बी नाही बसून राहिला."

पुष्पलताने तळहात तिरपा धरून पंचेचाळिसाचा कोन करून दाखवला.

"आडवे झाले? बसल्या बसल्या?"

तिनं दोन्ही हातांची टोकं जुळवून फ्रेमचा कोपरा दाखवला.

"हात जोडून गेले! पुण्यवान मानूस!" असं म्हणून कांताबाईनं डोळ्याला पदर लावला आणि ती गेलीसुद्धा.

पुष्पलता तिच्यामागे धावली, पण बातमीच्या मानानं माणसाचा पाय जड. ती गणपतरावांच्या अंगणात पोचली तेव्हा चौघं हातगाडी घेऊन मयत आणायला दवाखान्याकडे निघाले होते. शेजारचे मारोतराव बांबू घेऊन आले होते आणि तिरडीला सुतळी पुरेल की नाही, यावर त्यांचा बाकीच्यांशी वाद चालला होता. गणपतरावांच्या बायकोला, प्रेमलताला, बायांनी चुलीपासून उठवून आणलं होतं. नवऱ्याच्या डब्याची पोळी तव्यावर जळत होती आणि तिच्या हाताला अजून कणीक होती. ती रडत नव्हती. नुसती ज्याच्या त्याच्या तोंडाकडे पाहत होती.

पुष्पलताने मारोतरावांच्या कानामागची पेन्सिल ओढून घेतली आणि भिंतीच्या चुन्यावर लिहिलं, 'कोन गेला'. ती चौथीपर्यंत शिकलेली होती. जसं बोलायची, तसंच लिहायची.

मारोतरावांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. "कोन गेला? घ्या! इले तर अजून माहीतच नाही." मग आवाज बारीक करून ते तिला म्हणाले, "गणपतराव गेले, वहिनी."

इकडे गणपतरावांची चुलती जिजाबाई हिनं प्रेमलताला दाराच्या दगडाजवळ बसवलं होतं. "आन वं हात," जिजाबाई म्हणाली. प्रेमलताने लहान मुलासारखा हात पुढे केला. हिरव्या बांगड्या होत्या, नागपंचमीला भरलेल्या.

शेवटचा सोमवार. दुपारही झाली नव्हती. बोललं तर सगळं व्रत मातीत, आणि देवरावांचा हातही. न बोललं तर जित्या नवऱ्याच्या बांगड्या दगडावर. ती मनात म्हणाली, 'महादेवा, तुलाही घरी पार्वती आहे. समजून घे.'

"थांबा!" ती ओरडली. सकाळपासूनचा पहिला शब्द, घोगराच आला. "लाकडाचा! लाकडाचा!"

"लाकडं सांगतली वं घाटावर," मारोतराव म्हणाले. "साडेतीन मन."

"तसं नाही जी! फ्रेमच्या लाकडाचा कोन गेला! करवतीचा! गणपतरावले काही नाही झालं!"

जिजाबाईचा हात बांगड्यांवर तसाच होता. तेवढ्यात हातगाडीवाल्यांपैकी एक जण धापा टाकत फाटकात आला.

"ते खाटेवर बसून हायेत! डबा काहून नाही आला म्हनते. लय तापून हायेत."

तेव्हा प्रेमलता रडली. बायांना काय करावं कळेना, कारण समजूत घालायच्या वाक्यांत या प्रसंगाचं एकही नव्हतं. मारोतरावांनी बांबूंकडे पाहत विचारलं, "याचं काय करू आता? दुकानदार वापस नाही घेत." दवाखान्यात ही हकिगत ऐकून गणपतरावांनीच मागाहून निरोप धाडला, की असू द्या भिंतीशी, बांबू काही नासत नाही. प्रेमलताने पुढे त्या बांबूंवर वालाचा वेल चढवला.

देवराव संध्याकाळी आले. सायकल भिंतीला लावताना त्यांच्या हातून दोनदा घसरली.

"काय म्हनला गुलाबचंद?" पुष्पलताने विचारलं. ती दिवसभर बोलतच होती. मोडलं ते मोडलंच.

"त्याच्याकडं अशीच एक मांडून हाय. तिच्यावर पट्टी कापून दाखवली त्यानं. बरोबर आली." देवराव पायरीवर बसले. "म्हने, मशीन का करेल, देवरावजी. पट्टी धराले तर हातच लागते."

मग ती उठली, पदर खोचला आणि करवतीपुढे बसली. काटा पंचेचाळिसावरच होता. तिनं पट्टी पोळपाटासारखी घट्ट दाबून धरली आणि पातं ओढलं. मग दुसरी पट्टी, उलट्या बाजूनं. तुकडे तिनं त्यांच्या मांडीवर ठेवले.

देवरावांनी सांध्यावरून नख फिरवलं. नख अडलं नाही. त्यांनी पुन्हा फिरवलं.

"कोन कापला हा?"

"हो जी," ती म्हणाली. "कोनच कापला."

देवराव हसले नाहीत. पण मांडीवरचे तुकडे त्यांनी खालीही ठेवले नाहीत. देवघरात बेल वाहताना पुष्पलताच्या ध्यानात आलं, की चार सोमवार आपण दुकानातला हात चांगला होऊ दे म्हणत होतो. कोणाचा, ते सांगायचं राहूनच गेलं. भिशीचे पैसे तिनं त्याच संध्याकाळी काढून ठेवले.

कार्तिकात एका बुधवारी ती पट्ट्या कापत होती. कांताबाई येऊन दारात उभी राहिली. श्रावणापासून तिला कोणी बातमी विचारत नव्हतं, आणि तीही सांगत नव्हती.

"गेला वं," ती हळूच म्हणाली.

देवराव आत काच पुसत होते. "कोन गेला?" त्यांनी तिथूनच विचारलं.

पुष्पलताने लगबगीनं हातातले तुकडे जुळवून पाहिले, नख लावलं. "नाही जी. बरोबर हाय."

"तो नाही वं," कांताबाई पायरीवर बसत म्हणाली. "गणपतराव. सकाळीच गेले. चार घरी सांगून आली, कोनी मानतच नाही. तू चाल माझ्यासंगं. तू सांगतलं तर आयकतील."

पुष्पलताने हातावरचा भुसा झटकला आणि ती उठली. वार बुधवार होता, बोलायला काही हरकत नव्हती. पण कोपऱ्यावरच्या पहिल्या दारापुढे ती उभी राहिली, आतून कोणीतरी "काय वं?" म्हणून विचारलं, आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना.