बिलात एक, पुस्तकात दोघं

मार्चमधला दुसरा रविवार. रक्कम पाचशे वीस रुपये. हजर तिघे: प्रवासलेखक नाना, त्यांच्या पत्नी माई आणि त्यांचा शेजारी मी. स्थळ, गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत नानांचं स्वयंपाकघर.

नाना अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत. "नाशिकहून हंपी? दोन झोपा, सहा चहा." पुस्तकातही तसंच छापतात. एका वाचकाने पत्रातून विचारलं, चहा न पिणाऱ्याने कसं जायचं? नानांनी कळवलं, "जाऊ नये."

म्हणून पुस्तकाच्या शेवटी येणारा खर्चाचा तक्ता मी तपासतो. नानांच्या सातही पुस्तकांत माई सोबत असतात. गडाच्या पायथ्याशी म्हणतात, "वर काय आहे? दगडच ना?" वाचक माईंवर खूश. आता प्रकाशकाला नव्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर दोघांचा प्रवासातला फोटो हवा होता. नाना आठवडाभर टाळत होते. आणि माझ्या हातात हंपीच्या लॉजचं बिल होतं. पाचशे वीस रुपये, माणूस एक.

"नाना, सगळी बिलं पाहिली. सगळीकडे माणूस एकच. माई कुठे होत्या?"

"इथेच," पोळी लाटता लाटता माई म्हणाल्या. "मला इथलं पलीकडचं सातपूर यायच्या आत उलटी होते."

"मग पुस्तकात बोलता ते?"

"ते माझंच. हे रोज संध्याकाळी फोन करतात. पूर्वी बूथवरून करायचे. काय दिसतंय ते सांगतात, मी माझं मत देते."

नाना ताटाकडे बघत म्हणाले, "हिला सांगितल्याशिवाय मला काही पाहिल्यासारखं वाटत नाही हो. पण फोटो कुठून आणू?"

मी विचारलं, "माई, उलटी कशात होते?"

"बसमध्ये. मोटारीत."

"आणि रिक्षात?"

लग्नाला चाळीस वर्षं झाली, हा प्रश्न त्या घरात कुणी विचारलाच नव्हता.

पुढच्या रविवारी रिक्षा त्र्यंबकेश्वरला निघाली. मागे स्कूटरवर मी, फोटोसाठी. नाना सारखे "हळू, हळू" करत होते. शेवटी रिक्षावाले रफीकभाई म्हणाले, "नाना, याच्यापेक्षा हळू घेतली तर आपण परत गंगापूर रोडला पोचू."

सातपूर आलं. सातपूर गेलं. नाना टक लावून माईंकडे बघत होते.

"माझ्याकडे काय बघता? बाहेर बघा. लिहायचंय ना?"

त्र्यंबकला उतरल्यावर माईंनी ब्रह्मगिरीकडे मान वर करून बराच वेळ पाहिलं. "फोनवर तुम्ही बरं सांगता," त्या म्हणाल्या, "पण डोंगर जरा मोठा निघाला." तेवढ्यात मी दोघांचा फोटो काढला.

नानांनी वही काढली. अंतराच्या रकान्यात लिहिलं, 'झोप नाही.'

शेवटी दिले ते असे: रिक्षाचे नऊशे रुपये रफीकभाईंना, नानांनी. चहाचे चाळीस रुपये हॉटेलवाल्याला, माईंनी. बिल मी मागून घेतलं. चहा, दोन.