टोपीचा सूर कोणता?

मेश्रामांनी वाजवताना आजवर एकाही श्रोत्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं. समोर दोनशे माणसं नाचत असोत, नाहीतर हॉल रिकामा करून सगळी जेवायला गेलेली असोत, त्यांना दोन्ही सारखंच. एकदा बुकित बातोकच्या कम्युनिटी क्लबात ऐन गाण्यात एका आंटीला चक्कर आली. धावाधाव झाली, बँड थांबला, तिला पंख्याखाली नेऊन बसवलं, थंडगार माइलो पाजला. मेश्राम वाजवतच होते. आपला तुकडा संपवून त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "ड्रम कुठं गेला बे?"

मेश्राम आमच्याच ब्लॉकमध्ये, आमच्या दोन मजले वर राहत. जुरोंग आयलंडवरच्या एका रिफायनरीत इंजिनिअर. मी बँकेत आकडे जुळवणारा माणूस. मला वाद्य एकच वाजवता येतं, टाळी. ते मात्र मी जीव तोडून वाजवतो. सिंगापुरात येऊन मला कंट्री म्युझिकचं वेड लागलं ते मेश्रामांमुळे, आणि त्या वेडावरून दर रविवारी माझं भांडण व्हायचं तेही मेश्रामांशीच.

नागपूरच्या माणसाचा आणि अमेरिकेतल्या गुराख्यांच्या गाण्याचा संबंध काय, असं कोणालाही वाटेल. तो जुळला एका गिटारमुळे. कॉलेजात असताना नागपुरातल्याच इंदोऱ्याच्या एका मास्तरांकडे मेश्राम हवाईयन गिटार शिकले. ही गिटार मांडीवर आडवी ठेवायची आणि डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून सरकवत वाजवायची. बोटांनी चाचपून सूर सापडायची सोय नाही. कांडी केसभर इकडेतिकडे झाली की संपलं. त्यामुळे नजर सतत तारांवर. विद्यार्थ्यानं जरा मान वर केली की मास्तर म्हणायचे, "वर पाहायचं असेल तर पतंग उडव."

मेश्रामांनी पतंग कधीच उडवला नाही. गिटार घेऊन ते सिंगापूरला आले आणि आपल्या मराठी मंडळींच्या ऑर्केस्ट्रात विचारायला गेले. तिथं त्यांना चहा मिळाला, आणि हा आवाज आमच्या कीबोर्डमधून निघतो, असं उत्तर मिळालं. मेश्राम चहा अर्धा टाकून उठले. त्यानंतर एका शनिवारी क्लबाच्या पायऱ्यांवर त्यांना रेमंड अंकल भेटले. रेमंड अंकल ड्रायव्हिंग शिकवून निवृत्त झालेले आणि आता कंट्री बँड चालवणारे. त्यांचा स्टील गिटारवाला सगळं आवरून पर्थला निघून गेला होता. इंदोऱ्याची हवाईयन आणि रेमंडची स्टील एकाच घरातल्या निघाल्या, आणि त्याच संध्याकाळी मेश्राम बँडमध्ये बसले. बसले म्हणजे अक्षरशः बसले. पुढे कधी उठलेच नाहीत.

त्यांचे कान हा आमच्या ब्लॉकचा स्वतंत्र विषय होता. लिफ्टची घंटी पाव सूर उतरली आहे, अशी त्यांनी टाउन कौन्सिलकडे रीतसर तक्रार केली होती. तिथून एक माणूस आला, लिफ्ट चारदा वरखाली करून बघितली, आणि चालते आहे असं सांगून गेला. "चालून राहिली ते मलाही दिसते. सुराचं बोला!" मेश्राम त्याच्या पाठीमागून ओरडले. आमच्याकडे जेवायला आले की कुकरच्या शिट्टीला मान डोलवायचे. शिट्टी आवडली तर भातही आवडायचा.

माझा स्वभाव उलटा. मला टोपी दिसली पाहिजे, झालरीचं जाकीट दिसलं पाहिजे, गाणाऱ्यानं बूट आपटले पाहिजेत. एकदा क्वीन्सटाउनजवळच्या एका पबमध्ये परदेशातून आलेला बँड होता, म्हणून मी त्यांना ओढून नेलं. काय तो माणूस! गिटार डोक्यामागं धरून वाजवतोय, गुडघ्यावर घसरत येतोय, टेबलावर चढतोय! मी खुर्चीवर उभा राहून शिट्ट्या मारत होतो. शेजारी पाहिलं तर मेश्रामांनी आपली खुर्ची फिरवून स्टेजकडे पाठ केलेली. समोर भिंत, भिंतीवर बिअरची जाहिरात, आणि तिच्यासमोर डोळे मिटून बसलेले मेश्राम. वेटरनं घाबरून मला विचारलं, "युअर फ्रेंड अँग्री, इझ इट?"

"अहो, काय करताय हे?" मी ओरडलो.

"ऐकून राहिलो."

"पण बघा तरी! डोक्यामागं धरून वाजवतोय!"

"म्हणूनच अर्धे सूर गाळून राहिला. मागच्या कोपऱ्यातला तो व्हायोलिनवाला ऐकला का तुम्ही? याचे सांडलेले सूर तो बिचारा गोळा करून राहिला. तो आहे म्हणून हा उड्या मारू शकतो."

"पण टोपी काय झकास आहे, मेश्राम!"

"टोपीचा सूर कोणता?" ते शांतपणे म्हणाले. हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न होता. पुढचं गाणं मीही क्षणभर डोळे मिटून ऐकलं. व्हायोलिन खरोखरच अप्रतिम होतं. पण हे मी त्यांना सांगितलं नाही.

असा माणूस रेमंड अंकलच्या बँडमध्ये, म्हणजे गंमतच. रेमंड अंकलच्या पोटावर थाळीएवढं बक्कल. ते टाचेवर गिरकी घेत, बायकोची थट्टा करत, आणि शेवटच्या कडव्याला टोपी श्रोत्यांत भिरकावत. समोर रांगेनं लाइन डान्स करणाऱ्या आंट्या ती झेलत आणि नेमानं परत आणून देत. त्यांच्या शेजारी मेश्राम ऑफिसच्या पँटशर्टात, गळ्यात जुरोंग आयलंडचा पास, मान खाली. नवख्या माणसाला वाटे, हे मायक्रोफोन दुरुस्त करायला बसले आहेत.

"मेश, यू मस्ट लुक अप लाह! स्माइल!" रेमंड अंकल विनवत. "म्युझिक, पीपल कॅन हिअर अॅट होम. दे कम हिअर टु सी, व्हॉट!"

"देन गिव्ह देम टीव्ही," मेश्राम म्हणत, आणि तार लावायला घेत.

मग ती संधी आली. जवळच्या एका मॉलला आपल्या मोकळ्या चौकात दर महिन्याला लाइव्ह बँड हवा होता. मॉलचे लोक एका रविवारी दुपारी क्लबात येऊन आमचा बँड बघणार होते. मी 'आमचा' म्हणतो, कारण मेश्रामांचा स्पीकर ट्रॉलीवरून न्यायची कामगिरी माझ्याकडे होती. रेमंड अंकल आनंदानं वेडे झाले होते. बूट पॉलिश झाले, आंट्यांना नवे शर्ट शिवायला टाकले. आणि तालमीत त्यांनी मेश्रामांना आपल्या इंग्रजीत सरळ सांगितलं, "या रविवारी वर बघायचं. नाहीतर, सॉरी हं, मी कीबोर्डवाला घेतो."

कीबोर्ड हा शब्द ऐकून मेश्रामांचा चेहरा उतरला. या अख्ख्या बेटावर त्यांच्या गिटारला बसायला एवढी एकच जागा होती. ती गेली तर उरली घरातली बिछान्याची कड. पण ते म्हणाले, "वर पाहिलं तर सूर जाते. सूर घालवून वाजवायचं तर मग मी नाही वाजवत." आणि मान खाली घालून त्यांनी गाणं सुरू केलं.

मी पुढच्या रांगेत मेश्रामांच्या बायकोच्या, सुमनवहिनींच्या, शेजारी बसलो होतो. वहिनी प्रत्येक तालमीला यायच्या. पर्समध्ये चिवड्याचा डबा, पुढच्या रांगेतली खुर्ची, आणि गाणं संपलं की टाळ्या. मी रागानं धुसफुसत होतो, तेवढ्यात त्या माझ्याकडे झुकल्या.

"सावंतभाऊ, यांचं सुरू आहे का आता?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. मेश्रामांच्या तारांतून तेव्हा असा काही धबधबा कोसळत होता की ड्रमवालासुद्धा हसत त्यांच्याकडे बघत होता. मी वहिनींकडे पाहिलं. त्या थट्टा करत नव्हत्या.

"ड्रम कळतो मला," त्या हळूच म्हणाल्या. "छातीत वाजतो. रेमंडसाहेबांचं तोंड हलते, ते दिसते. यांचंच काही हलत नाही ना. कधी सुरू होते, कधी थांबते, समजत नाही. डॉक्टर म्हणाले, वरचे बारीक आवाज आधी जातात. यांची गिटार सगळी वरच्याच आवाजाची."

"मेश्रामांना माहीत नाही?"

"नाही, आणि सांगू नका. मशीन लावा म्हणाले डॉक्टर, पण ते कानावर दिसेल ना. अहो, संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून येतात, शर्टसुद्धा बदलत नाहीत, आधी मला एक तुकडा ऐकवतात. मला ऐकूच येत नाही म्हटलं, तर गिटार पेटीत जाईल आणि पुन्हा निघणार नाही. मी ओळखते यांना. तुम्हाला शपथ आहे."

मी कबूल झालो. त्या दिवशी ट्रॉली घरी ओढताना माझी भांडायची इच्छाच मेली होती. मेश्राम मात्र वाटेत लिफ्टच्या घंटीवर पुन्हा बोलले.

रविवारी हॉल खच्चून भरला. आंट्या नव्या शर्टांत चमकत होत्या, मॉलचे तिघेजण मधल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते, आणि मी टाळ्यांसाठी हात मोकळे करून बसलो होतो. वहिनी पुढच्या खुर्चीवर. पहिलं गाणं झालं. रेमंड अंकलनी दोन गिरक्या घेतल्या, टाळ्या पडल्या. मेश्राम मान खाली. रेमंड अंकलनी जाता जाता त्यांच्याकडे असं पाहिलं की कीबोर्डवाला आलाच, असं मी समजून चाललो.

दुसऱ्या गाण्यात मध्येच स्टीलचा तुकडा होता. रेमंड अंकल बाजूला झाले, ड्रम हलका झाला, आणि मेश्रामांनी मान वर केली.

मी डोळे चोळायचा तेवढा बाकी होतो! मान वर केली, ती सरळ पुढच्या रांगेकडे. भुवया चढवल्या. मग हसले. आयुष्यात पहिल्यांदाच स्टेजवर हसत असल्यामुळे ते हसू दाढ दुखणाऱ्या माणसाचं वाटत होतं, पण ते हसले! पाय आपटायला लागले. खांदे हलवायला लागले. तुकडा संपताना लोखंडी कांडी हवेत उंच धरली, आणि पुढच्या तुकड्याला पुन्हा मान वर! हॉलमध्ये नुसता कल्लोळ. आंट्या किंचाळत होत्या, "मेश! मेश!" मॉलवाल्यांच्या हातांच्या घड्या सुटल्या. रेमंड अंकलना तर रडावं की नाचावं कळेना. ते धावत गेले आणि आपली टोपी त्यांनी मेश्रामांच्या डोक्यावर ठेवली. ती कानांपर्यंत खाली आली. मेश्रामांनी ती तशीच राहू दिली. मी खुर्चीवर चढून शिट्ट्या मारत होतो, मला खाली ओढणारा कोणी नव्हता.

सूर गेला होता. माझ्यासारख्या टाळीवाल्यालाही ते कळलं. एकदा कांडी घसरली आणि असा आवाज निघाला की मी दात आवळले. मेश्रामांच्या कपाळावर आठी उमटली, पण नजर खाली गेली नाही. ती पुढच्या खुर्चीवरच होती. आणि वहिनी टाळ्या वाजवत होत्या. तुकडा संपल्याबरोबर, सगळ्या हॉलच्या आधी, शेजारीपाजारी कोणाकडेही न बघता.

मॉलवाल्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. रेमंड अंकलनी सगळ्यांना कवटाळलं, मलाही. मग गर्दी पांगली. वहिनी सगळ्यांसाठी सरबत आणायला गेल्या, आणि मी स्पीकरची वायर गुंडाळत मेश्रामांना म्हणालो, "शेवटी टोपी घातलीत!"

"वाईट वाजलं," ते म्हणाले. तारा पुसत होते. "मास्तर असते तर कांडी हिसकून घेतली असती."

"मग वर का पाहिलंत? कीबोर्डच्या भीतीनं?"

त्यांनी पुसायला पुढची तार घेतली. मग म्हणाले, "सुमनची टाळी, सावंत. पहिले ती एकदम समेवर पडायची. इतक्या लोकांत मला ती वेगळी ऐकू यायची. मग ती मागं पडायला लागली. आधी बाकीच्यांची टाळी, मग तिची. टाळी मागं पडते म्हणजे माणूस ऐकून नाही, लोकांकडे पाहून वाजवून राहिला. कधीपासून ऐकून राहिलो मी ते. पण काय करायचं, ते समजत नव्हतं. आज म्हटलं, निदान दिसू तर द्या तिला."

मी वायर खाली ठेवली.

"विचारलं नाहीत त्यांना?"

"सांगायचं असतं तर तिनं सांगितलं असतं. लपवून राहिली, तर लपवू द्या. तुम्ही बोलू नका हं. शप्पथ."

मी त्यांनाही कबूल झालो. तेवढ्यात वहिनी सरबताचे ग्लास घेऊन आल्या. चेहरा नुसता फुललेला. म्हणाल्या, "आज काय सुंदर वाजवलं हो तुम्ही! एकेक सूर कळला मला."

एक सूर चुकला तर संध्याकाळभर न जेवणारा हा माणूस. मी मेश्रामांकडे बघायचं टाळलं. त्यांनी तारा पुसायचं थांबवलं, खुर्ची फिरवली, वहिनींच्या पूर्ण समोर तोंड केलं, आणि ओठ नीट दिसतील असं सावकाश, एकेक शब्द सुटा करून, होकारार्थी मान हलवत म्हणाले, "हाव. आज लागली खरी गिटार."